शेवटची कॉपी

नवी डिस्क बसवून सर्व्हर सुरू केला, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: सुरू करण्यासारखं काही सापडलं नाही.

“म्हणजे?” दादाने विचारलं.

“म्हणजे पाटी कोरी आहे,” बहीण म्हणाली. “जुनी डिस्क गेली ती सगळं घेऊनच गेली. आता बॅकअपवरून अख्खा सर्व्हर परत उभा करायचा.”

ती एका कंपनीत हेच काम करायची. भावाच्या दातांच्या दवाखान्यासाठी आज रजा टाकून आली होती. आतल्या खुर्चीत मास्तर बसले होते. त्यांच्या दाढेचं रूट कॅनाल अर्धं झालं होतं, आणि मध्येच ते लेकीकडे जाऊन राहिल्यामुळे महिनाभर तसंच लटकलं होतं. डिस्क बदलली की झालं, असं धरून दादाने त्यांना इंजेक्शनही देऊन टाकलं होतं. पण त्यांचे जुने एक्स-रे सर्व्हरवर, आणि नवा काढायचा म्हटला तरी सर्व्हरच लागणार. जन्मभर वर्गात बोलत आलेले मास्तर बधिर जबड्याने गप्प बसून होते.

“मग कर की बॅकअपवरून.”

“बॅकअपची डिस्क कुठाय?”

दादाने चष्मा काढून पुसायला घेतला. डिस्क वहिनीकडे होती. मूळ आणि कॉपी एका छपराखाली ठेवू नयेत, आग लागली तर दोन्ही जातात, म्हणून ती रोज संध्याकाळी कॉपी काढायची आणि डिस्क घरी न्यायची. तीन आठवड्यांपूर्वी ती घर आणि दवाखाना दोन्ही सोडून गेली, तेव्हा डिस्क तिच्या सामानातून गेली होती.

“तिला फोन करायचा नाही,” दादा म्हणाला.

“केला. निघालीय ती.”

वहिनी आली तशी काउंटरवरच्या मावशी उभ्या राहिल्या आणि परत बसल्या. वहिनीही दातांचीच डॉक्टर. लहान मुलांच्या वाकड्या दातांना तारा बसवायचं काम तिचं. तिने डिस्क आणि एक पेनड्राइव्ह नणंदेच्या हातात दिला. मग आत डोकावली. “मास्तर, बरे आहात ना?”

मास्तरांनी “आं” केलं. त्याचा अर्थ काहीही होऊ शकला असता.

पेनड्राइव्हवरून सर्व्हर जागा झाला. डिस्कवर असलेल्या कॉप्यांच्या तारखा खालून वर लागल्या, आणि सगळ्यात वरच्या तारखेवर बहिणीचा हात थांबला. तो वहिनी गेली त्याच्या आदल्या संध्याकाळचा बॅकअप होता.

“ह्याच्या पुढचे?” दादाने विचारलं.

“पुढचे काढलेच नाहीत कोणी.”

“मला वाटलं, आपोआप होतं ते.”

“तुला सगळंच आपोआप होतं असं वाटायचं,” वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. हवा बाहेर गार आहे, असं सांगावं तसं तिने सांगितलं.

दादाने पडद्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, “रोज संध्याकाळी लाल चौकट यायची पडद्यावर. मी बंद करायचो.”

“वाचली नाहीस?” वहिनीने विचारलं.

“नाही.”

बहिणीने तीच तारीख निवडली आणि बटण दाबलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. तिघंही तिच्याकडे बघत राहिली. एकमेकांकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. मावशींनी न विचारता चहा आणून ठेवला. वहिनीच्या कपात साखर नव्हती, तिला लागायची तशीच.

पट्टी भरली, सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि दवाखाना होता तसा परत आला. प्रिंटरला मावशींनी ठेवलेलं चावट नाव आलं, मास्तरांच्या दाढेची तिन्ही मुळं आली. दादाने एक्स-रे बघितला आणि हातमोजे चढवत आत गेला. जाता जाता म्हणाला, “मधले तीन आठवडे?”

“गेले,” बहीण म्हणाली. “आठवून आठवून भरायचे.”

मग तिने अपॉइंटमेंटचं पान उघडलं. तिथे पुन्हा दोन रकाने होते. दादाने स्वतः पुसून टाकलेला वहिनीचा रकाना नावागावासकट परतला होता. त्यात आजचीही नावं होती, पण त्यातलं कोणी येणार नव्हतं. सगळ्यांना कधीच फोन करून नाही म्हणून झालं होतं.

“दादा,” बहिणीने बसल्या जागेवरून विचारलं, “वहिनीचा रकाना परत आलाय. काढू का?”

आत ड्रिल सुरू झालं होतं. त्या घरघरीतूनच उत्तर आलं, “मला नको विचारूस. तिला विचार.”

वहिनी नणंदेच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती. ती एकेक नाव वाचत खाली आली आणि एका नावावर तिने बोट ठेवलं.

“हिची तार कोण आवळतंय आता?”

“कोणी नाही,” काउंटरवरून मावशी म्हणाल्या. “दुसरीकडे दाखवा म्हणून सांगितलं आम्ही. तिची आई विचारत होती, दुसरीकडे म्हणजे कुठे.”

“अर्धवट ओढलेले दात आहेत तिचे,” वहिनी म्हणाली, बहुतेक स्वतःशीच. बोट पडद्यावरून उचललं नाही.

“वहिनी, रकान्याचं काय करू?”

“ते बघू मग. मावशी, आधी हिच्या घरी फोन लावा. मी बोलते.”

मावशींनी फोन लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडे रिंग वाजू लागली.

आतल्या ड्रिलचा आवाज थांबला.