दोन नंबरच्या लिफ्टमधला आवाज

"एकच प्रश्न विचारायचा. मग थांबायचं. उत्तराला धरूनच पुढचं बोलायचं," मामाने पुन्हा बजावले.

"माहीत आहे. ताईंनी वर्षभर सराव करून घेतलाय," सोळा वर्षांची भाची म्हणाली. स्वमग्न मुलांच्या संवादवर्गात ताई कधी दुकानदार होत, कधी रुसलेली मैत्रीण. आणि शेवटी काय जमले, काय राहिले, ते सांगत.

मामा त्या उंच इमारतीचा लिफ्ट-मेकॅनिक. भाचीला तिथला नियंत्रण कक्ष तोंडपाठ होता. सुट्टीत त्या खुर्चीवर बसायला मिळावे, एवढेच तिला हवे होते. व्यवस्थापक मॅडमना मात्र शंका होती. "यंत्राशी जमेल हो तिचं. अडकलेल्या माणसाशी बोलेल का?" आजचा दिवस निभावला, तरच खुर्ची तिची.

मामा वंगणाचा डबा आणायला गेला आणि फोन खणखणला.

"अहो, लिफ्ट अडकली! दोन नंबरची! कुणी आहे का तिकडे?" बाईचा आवाज चिरका, कापरा होता.

भाचीने पॅनेलवर नजर टाकली आणि खुर्ची पुढे ओढली. "मी आहे. तुम्ही बसलात की उभ्या आहात?"

"उभी! पडेल का गं ही?"

"नाही. सहा दोर आहेत. एकटा दोरसुद्धा तुम्हाला पेलेल."

"माझं वजन कुठे पाहिलंयस तू!"

भाची थांबली. हा विनोद असावा, असे तिने ठरवले. "दहा माणसांची लिफ्ट आहे. तुम्ही दहाजणींएवढ्या आहात का?"

पलीकडे हसू फुटले. मग बाई बोलतच सुटल्या: सून, गुडघे, मांजर. भाची एक प्रश्न विचारी आणि थांबे.

मामा परतला. ऐकताच त्याने वंगणाचा डबा खाली टाकला. "अगं, मला हाक नाही का मारायची?" तिने तळहात दाखवून त्याला थांबायची खूण केली, पण तो हत्यारांची पिशवी उचलून धावलाच.

थोड्या वेळाने तो आला, तो व्यवस्थापक मॅडमना घेऊन. त्यांना हसू आवरत नव्हते.

"लिफ्टला काही झालंच नव्हतं गं! मीच आवाज बदलून बोलत होते. परीक्षा होती तुझी. उद्यापासून खुर्ची तुझी!"

मामा मटकन स्टुलावर बसला.

"लिफ्ट तळमजल्यावर नीट उभी होती, ते पॅनेलवर दिसतच होतं मला," भाची म्हणाली. "म्हटलं, तुमचाही सराव चाललाय. पहिल्या खेपेच्या मानाने छान बोललात तुम्ही. फक्त समोरच्यालाही थोडं बोलू द्यायचं."