कूपनामागचा चेहरा
थोरली बहीण वर्ना वारली. तिचं टोलेडोतलं घर आवरताना पेटीत सहा सुपरहिरोंचं जुनं कॉमिक मिळालं, ते विकायला नेलं. दुकानदार पोरगा शेवटच्या पानाशी थबकला. “आजोबा, इथलं कूपन कुणी कापलं?” “मीच, आठव्या वर्षी. कूपन पाठवलं की टीमचा बिल्ला यायचा.” पण पानाच्या मागं सहाही जणांचं चित्र होतं; माझ्या कात्रीनं वर्नाच्या लाडक्या वीरांगनेचं मुंडकंच उडवलं. वर्ना रडली, पण बाबांकडे चुगली केली नाही. भोकामागं कागद चिकटवून तिनं तिथं स्वतःचाच चेहरा काढला: दोन वेण्या, पुढचा दात तुटका. पोरगा हळहळला. “बाकीचे पाच अस्सल आहेत, ही तेवढी खोटी. हा कागद सोडवतो, म्हणजे थोडेतरी पैसे येतील.” त्यानं चिमटा उचलला. मी कॉमिक ओढून घेतलं. “राहू दे, पोरा. सहांत तेवढी एकच खरी.”