सतरापर्यंत

"प्रश्न विचारला की मनात दहा मोजा. तोवर आपण बोलायचं नाही," प्रशिक्षणातल्या तरुण मॅडम म्हणाल्या होत्या. एकोणीस वर्षं अंगणवाडी चालवणाऱ्या शेवंताबाईंना ते पोरकट वाटलं होतं.

सोमवारी त्यांनी चार वर्षांच्या वेणूपुढे गाईचं चित्र धरलं. जूनपासून ही मुलगी अंगणवाडीत एक शब्दही बोलली नव्हती.

"हे काय गं?"

'गाय' हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला, तो त्यांनी गिळला. मनात दहा मोजून झाले. तरी त्या पुढे मोजतच राहिल्या.

सतराला वेणू हळूच म्हणाली, "आमच्या गाईचं शिंग मोडलंय."

बाईंच्या मनात आलं, आजवर किती मुलांची उत्तरं आपणच देऊन टाकली असतील?

"कसं मोडलं?" त्यांनी विचारलं, आणि त्या वेणूसमोर निवांत मांडी घालून बसल्या.