सावलीतला लसूणघास

गोठ्यात गुळासारखा वास कुठून येतोय, म्हणून हर्षदानं गाईच्या चाऱ्यासाठी रचलेल्या लसूणघासाच्या ढिगात हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. वरून हिरवागार दिसणारा ढीग आतून तापला होता.

सासूनं आपला घास दरवर्षीसारखा अंगणात, कडक उन्हात वाळवला होता. तो पिवळा पडला, निम्मा पाला झडून गेला. हर्षदानं मात्र बांबूची मांडणी बांधून सावलीत वाळवला. तो हिरवा रंग बघायला अख्खी आळी आली होती. रंग उडू नये म्हणून तिनं घाईनं घास गोठ्यात रचून टाकला. तेव्हा सासूनं एक काडी वाकवून पाहिली होती. "मोडत नाही अजून, ओल आहे," एवढंच ती म्हणाली होती. हर्षदानं ते हसण्यावारी नेलं होतं.

आता तिनं पहार ढिगात खुपसली आणि थोड्या वेळानं ओढून काढली. टोक हातात धरवेना; राहिलेल्या ओलीनं घास आतल्या आत कुजून पेटायला आला होता. घाबरून ती दोन्ही हातांनी घास उपसायला लागली, तसा फटीतून धूर वर आला.

"उपसू नकोस!" सासू दारातून ओरडली. "वारा लागला तर भडकेल. आधी गाय सोड!"

दाव्याची गाठ कशीबशी सुटली. हर्षदा जीव खाऊन दावं ओढत होती. पण गाईला तो गोड वास आवडला होता. दाराकडे पाठ करून, मान लांबवत, ती ढिगाकडेच निघाली होती.