राक्षसाचा डावा हात

कपडे शिवणाऱ्या मावशीचा डावा हात पक्षाघात झाल्यापासून मांडीवर नुसता पडून असायचा. उजव्याला तरी चाळा हवा, म्हणून भाचीने तिला कॉम्प्युटरवर भुयाराचा खेळ लावून दिला.

शेवटच्या तळघरातला ट्रोल नावाचा दांडगा राक्षस मावशीला फार आवडला. त्याचा हात तोडला, की दहा मोजेपर्यंत नवा फुटायचा.

"मेल्या, मलाही शिकव की!" ती रोज त्याला म्हणायची.

आज दुपारी तिने त्याचा डावा हात तोडला. नवा फुटला तो लहानसा, बायकी. अंगठ्याखाली कात्रीचा जुना, वाकडा व्रण होता.

मावशीने मांडीवर पाहिलं. तोच व्रण.

"हे तू केलंस का गं?"

"मी कशाला? विकतचा खेळ आहे तो," म्हणत भाची वळली आणि पडद्याकडे बघतच राहिली.

राक्षसाने गदा खाली ठेवली. मावशीच्या डोळ्यांत बघत त्याने त्या हाताची करंगळी हळूच वाकवली आणि तो वाट बघत थांबला.

मांडीवर मावशीची करंगळी वाकली.

"मावशी, बंद करते मी हे!"

"हात लावशील तर खबरदार," मावशी म्हणाली. "अजून चार बोटं राहिलीत."