वेंडेलचं अंगुस्तान

लास वेगासला टीव्हीसाठी पोकर खेळताना म्हातारा वेंडेल आपल्या पालथ्या पानांवर वारलेल्या बायकोचं शिवणाचं अंगुस्तान ठेवायचा. वर काही नसलं तर पत्ते वाटणारी बाई ती पानं टाकलेली समजून ओढून घेते. एका डावात त्यानं आणि तरण्या लाइलनं सगळं पणाला लावलं. हशा पिकवायला लाइलनं अंगुस्तान उचलून बोटात घातलं. "म्हातारबा, बटण लावून देऊ का?" तेवढ्यात वाटणारीनं वेंडेलची पानं ओढली, डाव लाइलचा झाला. तो ओशाळला. वेंडेलच हसून म्हणाला, "जाऊ दे रे, हातात काही नव्हतं, थापच मारत होतो." महिन्यानं कार्यक्रम लागला. टेबलातल्या कॅमेऱ्यानं वेंडेलची पानं दाखवली: दोन एक्के. लाइलनं वेंडेलला फोन लावला. "खोटं का बोललात?" "चेहरा उतरला होता तुझा. पैसे राहू देत. अंगुस्तान तेवढं आणून दे." लाइलनं रिकाम्या बोटाकडे पाहिलं. त्या दिवशी अंगुस्तान काढून कुठं टाकलं, आठवेना.