वयाचा मान

"घंटा जपून हं, काका. जड आहे," साल्लाय म्हणाला आणि व्हेंडेलकाकांना कोपराला धरून त्याने स्वतः अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं.

नवी जिल्हासभा पहिल्यांदा भरली की अध्यक्ष निवडला जाईपर्यंत सभा चालवायची ती वयाने सर्वांत मोठ्या सदस्याने, अशी आमच्या हंगेरीची रीत. व्हेंडेलकाका त्र्याऐंशीचे. समोर विरोधी बाकावर गिझेलाबाई, निवृत्त शिक्षिका, त्यांच्याहून एका हिवाळ्याने धाकट्या. त्या एका हिवाळ्यासाठीच, अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या साल्लायच्या पक्षाने काकांना आपल्या यादीत घेतलं होतं. घंटा बाईंच्या हाती गेली असती, तर मतदानाआधी त्यांनी साल्लायला नको ते प्रश्न विचारले असते. काकांना हे कोण सांगणार? त्यांना वाटत होतं, आपल्या गावाचा मान झाला.

गाव कसलं, पोतं. रस्ता ज्या गावात शिरतो आणि चर्चपाशी संपतो, त्याला आमच्याकडे पोतंच म्हणतात. पुढे नुसता चिखल, आणि चिखलापलीकडे दवाखान्याचं गाव. काकांचा मुलगा छाती धरून खाली बसला, तेव्हा रुग्णवाहिका सगळा वळसा घालून आली. ती आली तेव्हा गडबड करण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकांना सभेत एवढंच मागायचं होतं, की तो रस्ता पुढे न्या.

"वाक्य पाठ आहे ना?" साल्लायने कानाशी लागून विचारलं.

"निकाल सांगायचा, उभं राहायचं, आणि म्हणायचं, मी माझं पद सोडतो. रोज दाढी करताना घोकतोय."

"झकास! मग खाली आपल्या बाकावर या आणि रस्त्याचं बोला. पहिलं भाषण तुमचंच. आणि ती म्हातारी मध्ये तोंड घालेलच. सरळ घंटा वाजवायची."

"ती म्हातारी, तर मी कोण रे?"

"तुम्ही ज्येष्ठ!" साल्लाय म्हणाला, आणि दोघेही हसले.

वर सज्जात गाव दाटीवाटीने बसलं होतं. काकांची बायको एतेल्का सगळ्यांत पुढे, मांडीवर फडक्यात बांधलेल्या, छोट्या गोल पावांसारख्या खाऱ्या पोगाचा. पहाटेच भाजल्या होत्या, अजून कोमट होत्या. शेजारी काळ्या सुटातला कुणी अनोळखी माणूस होता. तिने त्याच्यापुढेही फडकं धरलं.

"घ्या हो, लाजू नका. आज आमच्या म्हाताऱ्याचा दिवस आहे."

"माझाही आहे," तो म्हणाला आणि त्याने दोन उचलल्या.

मतदान गुप्त होतं. चिठ्ठ्या पेटीत पडल्या, मोजून झाल्या. काकांनी निकाल वाचला, आवाज जरासुद्धा न कापता. साल्लाय अध्यक्ष झाला. काका उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि मनातल्या मनात वाक्य एकदा म्हणून पाहिलं.

मनातल्या मनात म्हणणारी पोरं गिझेलाबाईंनी जन्मभर पाहिली होती. त्यांनी काकांच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं, मग वर सज्जातल्या काळ्या सुटाकडे, आणि त्या ताडकन उठल्या.

"व्हेंडेलकाका, ते बोलू नका! नुसते उठा आणि खाली..."

काकांनी घंटा वाजवली. चांगली दणदणीत.

"गिझेलाबाई, बसा खाली. तुम्हाला बोलायची परवानगी दिलेली नाही."

सभागृहात हशा पिकला. काकांनाही आपला आवाज आवडला. त्याच आवाजात ते म्हणाले, "मी माझं पद सोडतो."

सज्जातून टाळ्यांचा कडकडाट झाला. खालूनही झाला. एतेल्काचे डोळे भरून आले. गिझेलाबाई तेवढ्या मान खाली घालून बसल्या.

साल्लायने आधी माईक बंद केला, मग घंटा स्वतःकडे ओढली.

"इतिवृत्तात घ्या," तो सचिवांना म्हणाला. "सदस्य कोचोर व्हेंडेल यांनी सभागृहात तोंडी राजीनामा दिला आहे. असा राजीनामा मागे घेता येत नाही. यादीतलं पुढचं नाव वर घ्या."

काका हसले. त्यांना वाटलं, पोराचा काहीतरी घोटाळा झाला. "अरे, सदस्य नाही. मी या खुर्चीचं म्हणालो. ही खुर्ची."

"ही खुर्ची तर मी निवडून आलो तेव्हाच आपोआप गेली, काका. ती सोडावी लागत नाही. सोडायला तुमच्याकडे एकच पद उरलं होतं."

सज्जातला काळ्या सुटातला माणूस उठला. साल्लायचा मेव्हणा. जाता जाता त्याने एतेल्काला वाकून नमस्कार केला आणि कोटावरचा पोगाचाचा चुरा झटकत तो जिना उतरू लागला.

काकांनी टेबलाची कड धरली. "आणि रस्ता?"

"प्रेक्षकांना सभेत बोलता येत नाही," साल्लाय म्हणाला. "परवानगी लागते. तुम्हीच आत्ता सांगितलंत, आणि काय छान सांगितलंत."

माईक बंद होता. वर काहीच ऐकू आलं नव्हतं. गाव अजून टाळ्या वाजवत होतं. एतेल्का कठड्यावरून वाकली, काकांशी नजरानजर होताच तिने हात लांब केला आणि बोटाने हवेत एक सरळ रेघ ओढली, सज्जाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

रस्ता. बोल ना आता.